दक्षिणेकडे वळताच बंद पडणारी स्क्रीन

गुरुवार, दिनांक २४ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मलकापुरातील अर्जुनराव झांबरे यांच्या पांढऱ्या गाडीतली स्क्रीन दसऱ्यापासून अकराव्यांदा आपोआप बंद पडून आपोआप सुरू झाली. त्याच क्षणी या घटनेला 'बिघाड' म्हणणे सोडून 'प्रकरण' म्हणायचे, असा निर्णय अर्जुनरावांनी घेतला. बिघाड काय, कोणीही दुरुस्त करतो. प्रकरणाला अर्जुनराव लागतात.

अर्जुनराव कोण, हे त्यांच्या फाटकावरच कोरलेले आहे. काळ्या ग्रॅनाइटवर 'अर्जुनराव झांबरे, यंत्रान्वेषक' आणि त्याखाली किंचित लहान अक्षरांत 'दुपारी एक ते चार विश्रांती'. तंत्रनिकेतनातली यंत्र अभियांत्रिकीची पदविका, कापसाच्या जिनिंगमध्ये देखभालप्रमुख म्हणून घालवलेली सबंध हयात आणि निवृत्तीनंतर लाभलेली अमर्याद फुरसत, या तिन्हींच्या संयोगातून त्यांच्यातला अन्वेषक जन्माला आला. आपली नजर भिंगाची, कान वैद्याचे आणि स्मृती पोलादाची आहे, असे त्यांचे स्वतःविषयीचे प्रांजळ मत होते. कारकीर्दही त्याला साजेशी होती. अचानक मुक्या झालेल्या मिक्सरचे प्रकरण त्यांनी मिक्सर पूर्ण उघडून सोडवले. वीज गेलेली होती. गच्चीवरच्या टाकीतून होणाऱ्या पाणीचोरीचा छडा त्यांनी लावला. बागेतला नळ उघडा राहिला होता आणि तो त्यांनीच उघडला होता. हरवलेल्या चष्म्याचे प्रकरण तर गल्लीत अजून सांगतात. तो चष्मा शोधताना त्यांनी तोच लावलेला होता. या तिन्ही प्रकरणांतून त्यांनी एकही धडा घेतला नाही. उलट तपासाचा पहिला नियम म्हणून ते अभिमानाने सांगत की, तपास करणाऱ्याचे नाव संशयितांत कधीही धरायचे नसते.

त्यांचे सहायक कडूबा हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. शेजारीच राहत. सहायक होण्यासाठी त्यांनी अर्ज वगैरे केलेला नव्हता. चहाला ते येत, आणि चहा संपेपर्यंत उठता येत नाही, एवढ्यावर ही नेमणूक झाली होती. इतकी वर्षे गर्दीच्या गाडीत काढल्यामुळे त्यांना कशाचेही आश्चर्य वाटत नसे, आणि मत मागितल्याखेरीज ते देत नसत. अर्जुनराव मत मागत नसत. असे दोघांचे उत्तम जमले होते.

आता गाडीविषयी. गाडी कागदोपत्री अर्जुनरावांची असली तरी चालवत होत्या त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई. अर्जुनरावांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना काही आठवडे गाडी चालवू नका म्हणून सांगितले. त्या आठवड्यांत अन्नपूर्णाबाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन गाडी शिकल्या, पहिल्याच परीक्षेत पास झाल्या, आणि पुढे डोळा बरा झाल्यावरही किल्ली त्यांच्या कमरेलाच राहिली. गाडी पुढे न्यायला त्यांना भीती वाटत नसे. धाक होता तो मागे घेण्याचा. त्यांची गल्ली इतकी अरुंद की तिथे गाडी वळत नाही. एका बाजूला कडुनिंब, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि मधून गाडी उलटी नेत रस्त्याला लागायचे. म्हणून त्यांनी कंपनीचा जुना टेप काढून स्टेशन रोडवरच्या हरिओमच्या दुकानातून नवी अँड्रॉइड स्क्रीन बसवून घेतली, मागे कॅमेरा लावून घेतला, आणि स्क्रीनकडे पाहत पाहत गाडी मागे घेण्यात त्या तरबेज झाल्या. आता मात्र ऐन मोक्याला स्क्रीन काळी पडे, पाठचे जग नाहीसे होई, आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी तशीच उभी राही.

एरवी हेही चालून गेले असते. पण येत्या रविवारी संग्रामपूरला अन्नपूर्णाबाईंच्या थोरल्या बहिणीच्या, रुखमाबाईंच्या घरी नातीचे बारसे होते. फोनवर अन्नपूर्णाबाई बोलून बसल्या होत्या, "मी सोताच गाडी चालवत येतो, ताई." त्यावर रुखमाबाई इतक्या हसल्या की फोन सुनेला घ्यावा लागला. मग त्यांनी सगळ्या घराला सांगितले, घराने गल्लीला सांगितले, आणि रविवारी ही गाडी येते की झांबऱ्यांच्या शेजारच्या देवानंदची टॅक्सी येते, हे पाहायला निम्मे आळीकर दारात उभे राहणार हे पक्के झाले. टॅक्सी आली असती तर रुखमाबाई काही बोलल्या नसत्या. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या असत्या. अन्नपूर्णाबाईंना ते "बरं" आतापासूनच ऐकू येत होते.

स्क्रीन नीट झाली नाही तर स्टिअरिंगवर आपण बसू, अशी तयारी अर्जुनरावांनी दाखवली. अन्नपूर्णाबाईंनी दोन्ही पर्यायांचा शांतपणे विचार केला आणि म्हणाल्या, शनिवार संध्याकाळपर्यंत तुमचा तपास संपला नाही तर देवानंदला सांगू.

तपासाला सुरुवात झाली ती घटनास्थळाच्या पाहणीने. अर्जुनरावांनी भिंग काढले आणि स्क्रीनसमोर बसले. स्क्रीनच्या डाव्या कडेला दसऱ्याला लावलेला कुंकवाचा ठसठशीत टिळा अजून तसाच होता. जिनिंगमध्ये त्यांच्या हाताखाली दसऱ्याची यंत्रपूजा ही मोठी गोष्ट असे. इतर लोक चाकाला, इंजिनाला हळदकुंकू वाहत. अर्जुनराव मात्र थेट नियंत्रण-पॅनेलला टिळा लावत, कारण यंत्राचा मेंदू जिथे, पूजा तिथे. शिवाय ते कुंकू आपण होऊन झडेपर्यंत पुसायचे नाही, हाही तिथलाच दंडक. घरच्या गाडीलाही त्यांनी तोच मान दिला होता. त्यामुळे त्या टिळ्याकडे त्यांनी आदराने पाहिले आणि नजर पुढे नेली. स्क्रीनच्या बरोबर खाली, गिअरच्या तळाशी, त्यांना तांबडी पूड दिसली.

त्यांनी ती होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत भरली आणि कडूबांपुढे धरली.

"कडूबा, काय दिसतं?"

"लाल भुकटी."

"विटांची. म्हणजे गाडीत असा माणूस बसून गेला, ज्याच्या घरी बांधकाम चालू आहे."

गल्लीत बांधकाम एकाच घरी चालू होते, आणि ते देवानंदचे. देवानंदचा धंदा टॅक्सीचा. स्क्रीन बिघडली की संग्रामपूरचे भाडे त्याला मिळणार. अर्जुनरावांना हेतू, संधी आणि पुरावा तिन्ही एकाच माणसात सापडले, आणि त्यांना जरा वाईटच वाटले. प्रकरण सकाळच्या चहाच्या आतच संपत होते. म्हणून त्यांनी देवानंदला तूर्त राखीव ठेवला आणि अधिक शास्त्रीय मार्ग धरला.

तो मार्ग म्हणजे फर्मवेअर. ही गोष्ट त्यांनी कडूबांना समजावून सांगितली ती अशी की, स्क्रीन हे शरीर, आणि तिच्या आत मुळातच भरून दिलेल्या सूचना म्हणजे फर्मवेअर, म्हणजे एका परीने तिचा स्वभाव.

"आन अपडेट म्हंजे?" कडूबांनी विचारले.

"स्वभाव बदलणं."

कडूबांनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहिले, अर्जुनरावांकडे एकदा पाहिले, आणि म्हणाले, "होते का तसं?"

होते, असे अर्जुनरावांनी ठणकावले आणि हरिओमला फोन लावला. हरिओमने सांगितले की हे काम जपून करायचे असते. सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीनच्या बोर्डाचा नंबर पाहा, त्याचा फोटो मला पाठवा, त्याच नंबरची फाइल मी देतो. दिसायला सारख्या असल्या तरी दोन स्क्रीन आतून सारख्या नसतात. अर्जुनरावांनी फोन ठेवला आणि स्मित केले. नऊ इंची स्क्रीन ती नऊ इंची स्क्रीन. जिनिंगमध्ये त्यांनी बोल्ट मापाने बदलले होते, नावगाव विचारून नव्हे. त्यांनी इंटरनेटवरून नऊ इंचांची एक फाइल शोधली, पेनड्राइव्हवर उतरवली, ती गाडीला लावली आणि बटण दाबले.

अपडेट निर्विघ्न झाले. स्क्रीनचा स्वभाव खरोखर बदलला. आवाज वाढवायला गेले की कमी होई, डावीकडे बोट लावले की उजवीकडचे उघडे, आणि मेन्यूतली भाषा अशी होती की कडूबांनी ती पाहून फक्त एवढेच विचारले, "हे वाचता येते का तुमाले?" अर्जुनराव म्हणाले, यंत्राची भाषा सर्वत्र एकच असते.

खरी गफलत कळली ती दुपारी. अन्नपूर्णाबाई सरावासाठी गाडी मागे घ्यायला बसल्या. स्क्रीनमध्ये निंब डावीकडे दिसत होता म्हणून त्यांनी गाडी उजवीकडे काढली. नव्या स्वभावात कॅमेऱ्याचे चित्रही उलटे झाले होते. निंब उजवीकडेच होता. गाडी निंबाला घासता घासता राहिली, पण त्याच्या बुंध्याशी ठेवलेले पाण्याचे पिंप कलंडले आणि गल्लीत पाणीच पाणी झाले. अन्नपूर्णाबाईंनी गाडी बंद केली. त्या खाली उतरल्या, पिंप उभे केले, आणि आत जाऊन भाकरी थापायला लागल्या. भाकरीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. आपले काही चुकले असावे, अशी शंका अर्जुनरावांना प्रथमच चाटून गेली, परंतु पहिला नियम आठवून त्यांनी ती बाजूला सारली.

शुक्रवारी ते पेनड्राइव्ह आणि बोर्डाच्या नंबराचा फोटो घेऊन निमूटपणे हरिओमच्या दुकानात गेले. हरिओमने बोर्डाचा नंबर पाहिला, बरोबर फाइल भरून दिली, आणि हे नऊ इंचांचे प्रकरण आपल्या दुकानात महिन्यातून एकदा तरी येतेच, असे समजुतीने सांगितले. एवढ्या सर्वसाधारण गर्दीत आपली गणना व्हावी, हे अर्जुनरावांना मानवले नाही.

घरी येऊन त्यांनी दुसरे अपडेट सुरू केले. 'गाडी बंद करू नका' अशी सूचना स्क्रीनवर झळकत होती. अर्जुनराव पहारा देत सीटवर बसले होते. काम तीन-चतुर्थांश झाले असताना अन्नपूर्णाबाई चहा घेऊन आल्या, कप त्यांच्या हातात दिला आणि गाडीचे दार लावले. दार जरा जोरात लागले. स्क्रीन काळी झाली.

अर्जुनरावांच्या हातातला कप तसाच राहिला. अर्ध्यावर तुटलेल्या अपडेटने स्क्रीन कायमची जाऊ शकते, असे त्यांनी वाचले होते. त्या काळ्या काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि तो यंत्रान्वेषकाचा वाटत नव्हता.

"काय झालं जी?" अन्नपूर्णाबाईंनी बाहेरून विचारले.

"काही नाही. स्क्रीन विचार करते आहे."

स्क्रीनने बराच विचार केला. मग ती उजळली, अपडेट पुन्हा मुळापासून सुरू झाले आणि या खेपेस कोणीही दाराला हात न लावल्यामुळे पूर्णही झाले. मेन्यू मराठीत आला. आवाज वाढवला की वाढू लागला. निंब आपल्या जागी परतला. अर्जुनरावांनी प्रकरण संपल्याचे जाहीर केले, अन्नपूर्णाबाई गाडीत बसल्या, गाडी मागे घेत गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या, आणि तिथे उजवीकडे वळताच स्क्रीन तेराव्यांदा बंद पडली.

तेव्हा अर्जुनरावांना तो साक्षात्कार झाला. आतापर्यंतची प्रत्येक घटना त्यांनी आठवून पाहिली. गाडी गल्लीतून बाहेर येऊन डावीकडे वळली की काही होत नाही; उजवीकडे वळली की स्क्रीन हमखास बंद पडते. त्यांनी मोबाइलमधले होकायंत्र काढले. उजवीकडे दक्षिण होती. आणि मलकापूरच्या दक्षिणेला काय आहे?

"बुलढाणा," कडूबा म्हणाले. "मोताळ्याची गाडी तिकूनच जाते."

"त्याच्याही पुढे. लोणार, कडूबा. आकाशातून पडलेल्या अशनीचं विवर. त्या पाषाणात काय काय असेल याची कल्पना आहे? गाडीने दक्षिणेला तोंड केलं की स्क्रीनच्या अंतर्भागावर त्याचा प्रभाव पडतो."

कडूबांनी ही कल्पना नीट ऐकून घेतली. मग म्हणाले की लोणार लांब, बुलढाणा मधात; तसे असते तर बुलढाण्यातल्या सगळ्या स्क्रीन केव्हाच्या बंद पडायला पाहिजेत.

"त्यांचं फर्मवेअर वेगळं असेल."

"असन. पण भाऊ, उजवीकडं वळलं की गटाराची फरशी लागते. थे उचललेली हाय. गाडी तथी दण्णकन आदळते."

"भूगोलाच्या चर्चेत गटार आणू नकोस," अर्जुनराव म्हणाले. कडूबांनी चहा संपवला. कोणी न मागता मत दिले, ही त्यांचीच चूक होती.

शनिवारी सकाळी गाडी दक्षिणेला तोंड करून, पण जागच्या जागी, अर्धा तास उभी ठेवून पाहिली. लोणारच्या पाषाणाने काहीही केले नाही. आता राखीव ठेवलेला देवानंद बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. अर्जुनराव त्याच्या दारात गेले, बाटली त्याच्यापुढे धरली आणि ही भुकटी ओळखतोस का, असे घोगऱ्या आवाजात विचारले. देवानंद टायर धूत होता. त्याने हात पुसले, बाटली उघडून वास घेतला आणि शांतपणे म्हणाला, "काका, मले तुमची बारशाची ट्रिप पाह्यजे असती, तर म्या स्क्रीन कायले बिघडवू? तुमाले स्टिअरिंगवर बसवलं असतं. काकूनं सोताहून फोन केला असता."

या युक्तिवादात अर्जुनरावांना एकही फट सापडली नाही. परत फिरताना पाठीमागून देवानंद म्हणाला, "आन थे कुंकू हाय, काका. वीट नाही." गाडीत कुंकू आणणारी तिऱ्हाईत स्त्री कोण, असा नवाच धागा हाती आल्यामुळे अर्जुनराव घाईने घरी आले.

परंतु संध्याकाळ झाली होती. ओसरीवर कडूबा बसले होते. अर्जुनराव त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "सांग देवानंदला. उद्या सकाळी आठला ये म्हणावं." एवढे बोलायला त्यांना जेवढे जड गेले, तेवढे जिनिंगमधून निवृत्त होतानाही गेले नव्हते. अन्नपूर्णाबाईंनी ते दारातून ऐकले. त्यांनी मान हलवली, एक ओले फडके घेतले आणि अंगणात गेल्या.

टॅक्सीने जायचे तर गाडी पुसायची काय गरज, असे अर्जुनरावांनी विचारले. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, टॅक्सी उद्या येणार आहे. गाडी आज घरची आहे. मग त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि उजेडासाठी किल्ली फिरवून स्क्रीन पुसू लागल्या.

"दसऱ्याचं कुंकू पुसू नये," अर्जुनरावांनी ओसरीवरूनच आठवण दिली.

"दिवाईले ताजं लावू. हे पाहून लोकं म्हणतीन, गाडीले देवी आल्या." त्यांनी टिळा पुसला. मग फडके थांबले. "अहो," त्या म्हणाल्या, "इकडं या बरं."

अर्जुनराव भिंग घेऊन गेले. टिळ्याखाली दोन बारीक छिद्रे निघाली होती. एकापाशी माइकचे चित्र होते. दुसऱ्यापाशी तीन इंग्रजी अक्षरे होती, आर, एस आणि टी, आणि ही अक्षरे म्हणजे रीसेट, हे ओळखायला भिंगाची गरज नव्हती.

"दोन भोकं हायेत," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "एक काळं दिसते, एक पांढरं. काऊन?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली, पांढऱ्या छिद्रात टेकवली आणि मनगट जरासे वळवले. स्क्रीन शेवटची बंद पडली. पिनेच्या टोकाला एका बाजूने पुसून पांढरा झालेला, बाकी लालसर, अखंड तांदळाचा दाणा चिकटून बाहेर आला. तो तळहातावर घेऊन त्यांनी दिव्याखाली धरला.

"सारा जलम तांदळातले खडे काढले," त्या म्हणाल्या. "तांदूळ काढायची पयलीच वेळ."

अर्जुनरावांनी दाण्याकडे पाहिले आणि पोलादी स्मृतीने आपले काम केले. दसऱ्याची सकाळ, हातात पूजेचे ताट, ओल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षता. टिळ्यासाठी मुद्दाम केल्यासारखे दिसलेले ते छिद्र. त्यावर अंगठ्याने, पूर्ण श्रद्धेने आणि देखभालप्रमुखाच्या ताकदीने दाबलेली ती अक्षता. दाणा आत बटणावर टेकून बसला होता. गाडी आदळली, दार आपटले, की तो बटण दाबत होता आणि फर्मवेअर बिचारे दर वेळी आज्ञाधारकपणे पुन्हा सुरू होत होते.

कडूबा मागे येऊन उभे होते. त्यांनी दाणा पाहिला, अर्जुनरावांचा अंगठा पाहिला.

"भाऊ, लोणारचा तर नाही ना हा?"

अर्जुनरावांना हसू आले. आधी नाकातून, नंतर खांदे हलू लागले, आणि शेवटी भिंग पोटाशी धरून ते अंगणातल्या दगडावर बसले. तपासाच्या पहिल्या नियमात दुरुस्ती करावी लागेल, असे त्यांनी कबूल केले. संशयितांत पहिले नाव तपास करणाऱ्याचेच धरायचे. म्हणजे पुढचे तीन दिवस वाचतात. अन्नपूर्णाबाईंनी किल्ली कमरेला खोचली आणि देवानंदला नको म्हणून सांगायला कडूबांना पाठवले.

रविवारी अन्नपूर्णाबाईंनी गाडी गल्लीतून मागे काढली. फरशीवरून ती दण्णकन गेली आणि स्क्रीनवर मागचा रस्ता दिसतच राहिला. मागच्या सीटवरून कडूबांनी सवयीने तोंडानेच दोनदा घंटी दिली. संग्रामपूरला रुखमाबाईंच्या दारात खरोखरच निम्मी आळी उभी होती. अर्जुनराव आधीच उतरून गाडीमागे उभे राहिले आणि दोन्ही हातांनी खुणा करू लागले. अन्नपूर्णाबाईंनी एकाही खुणेकडे न पाहता, फक्त स्क्रीनकडे पाहत, गाडी मागे घेत दोन मोटारसायकलींच्या मधल्या जागेत नेमकी लावली.

रुखमाबाई "बरं" म्हणाल्या नाहीत. त्या घरात गेल्या आणि ओवाळणीचे ताट घेऊन आल्या. त्यांनी बहिणीला ओवाळले, मग उघड्या दारातून आत वाकून "एवढा मोठा टीव्ही" असे कौतुकाने म्हणत कुंकवात भिजवलेल्या अक्षता अंगठ्याने उचलल्या.

अर्जुनराव पलीकडच्या दारातून आडवे आत घुसले आणि त्यांनी दोन्ही पंजे स्क्रीनवर पसरले.

"ताई, चाकाले लावा. मेंदूले नको."

"काऊन जी? पूजा करू देत नाही का?"

"कर ना, ताई," अन्नपूर्णाबाई स्टिअरिंगवरून म्हणाल्या. "ह्याइच्या कपाळाले लाव. तथी भोक नाही."

अक्षता कपाळावर घट्ट बसल्या. अर्जुनरावांनी त्या परतीच्या प्रवासातही पुसल्या नाहीत. त्या दिवशी जातायेता मिळून स्क्रीन बंद पडण्याची एकूण संख्या: शून्य.